पासाचा हिशोब

दिल्लीत सरकारी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचे घर दिवाळीपासून होळीपर्यंत धर्मशाळा असते, हे आम्ही या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. ऊन उतरले की गावाकडून फोन येऊ लागतात. प्रथम प्रकृतीची चौकशी होते, मग येथल्या थंडीची, आणि मग, "म्हटलं, तुम्ही तिथे आहातच, तर एकदा दिल्ली पाहून घ्यावी," हे वाक्य येते. 'तुम्ही तिथे आहातच' या तीन शब्दांपलीकडे आमच्या केंद्र सरकारच्या नोकरीचे दुसरे काही प्रयोजन असेल, असे गावास वाटत नाही. रामकृष्णपुरमच्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात नऊ वर्षांत चुलते, मावसभाऊ, शेजारी, शेजाऱ्यांचे व्याही असे सर्व येऊन गेले. त्यांच्या कृपेने कुतुबमिनार आम्ही अकरा वेळा पाहिला. हल्ली आम्ही मान वर करीत नाही. तो तेथे आहे, यावर आमचा विश्वास बसला आहे.

आले नव्हते ते फक्त आमचे वडील. २०२४ सालच्या मार्चात ते यावयाचे ठरले. आईचे गुडघे तिला आगगाडीच्या पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून आबा एकटेच येणार होते. शनिवारी पहाटे गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरावयाचे आणि मंगळवारी त्याच गाडीने परत, म्हणजे मध्ये शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस. तीन दिवस म्हटल्यावर आम्हांस मेट्रोच्या पर्यटक कार्डाची आठवण झाली. एक दिवसाचे आणि तीन दिवसांचे अशी दोन प्रकारची ती कार्डे मिळतात. एकदा घेतले की मुदतीत वाटेल तितक्या वेळा गाडीत बसावे, वाटेल तेथे उतरावे. नऊ वर्षे दिल्लीत राहून आम्ही ते कधी घेतले नव्हते. आम्ही येथले रहिवासी; पर्यटक म्हणजे दुसरे कोणीतरी, अशी आमची समजूत होती.

कोणताही निर्णय घेण्यापूर्वी टिप्पणी लिहावी, ही सवय आम्हांस कचेरीने लावली आहे आणि ती घरीही सुटत नाही. शुक्रवारी रात्री जेवणे झाल्यावर आम्ही एक कोरा कागद घेतला आणि समास सोडून लिहिले : 'विषय : पर्यटक कार्ड खरेदी करण्याबाबत.' आमच्या सौभाग्यवतींनी तो मथळा वाचून, "अहो, आणि मंजुरी कोणाची घ्यायची?" असे विचारले. तिकडे आम्ही लक्ष दिले नाही.

त्या वेळचे आकडे असे होते. तीन दिवसांचे कार्ड ५०० रुपयांस. त्यांतले ५० अनामत, कार्ड परत केले की मिळणारे. म्हणजे खरा खर्च ४५०. एक दिवसाचे कार्ड २०० रुपयांस, अनामत वजा जाता १५०. आता सुटे भाडे पाहा : २ किलोमीटरपर्यंत १० रुपये, ५ पर्यंत २०, १२ पर्यंत ३०, २१ पर्यंत ४०, ३२ पर्यंत ५० आणि त्यापुढे ६०. रविवारी व राष्ट्रीय सुट्टीस पहिला टप्पा सोडून इतर टप्प्यांना १० रुपये कमी. शिवाय आमच्यासारख्या रोजच्या प्रवाशाजवळचे साधे स्मार्ट कार्ड वापरले की शेकडा १० सूट, आणि गर्दीच्या वेळा टाळल्या की आणखी १०. (२०२५च्या ऑगस्टात ही भाडी वाढली, किमान ११ आणि कमाल ६४ झाले. ज्यांस आज हिशोब करावयाचा आहे त्यांनी नवे आकडे घ्यावेत. रीत तीच.)

सर्वसाधारण फेरी ३० रुपयांची धरली, तर सूट जाऊन २७ पडतात. ४५० रुपये वसूल व्हावयाचे तर १७ फेऱ्या हव्यात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थास तीन दिवसांत सतरा वेळा जमिनीखाली उतरविणे आणि सतरा वेळा वर काढणे, हे पुत्रधर्मात बसत नाही, असा अभिप्राय आम्ही नोंदविला. एक दिवसाच्या कार्डास सहा फेऱ्या हव्यात, तेही अवघड. दिल्ली परिवहनच्या बसचा दिवसाचा पास तेव्हा वातानुकूलित गाडीस ५० रुपयांना आणि साध्या गाडीस ४० रुपयांना मिळे. तो सर्वांत स्वस्त, परंतु ज्या माणसाने सारा जन्म बसमध्ये उभ्याने काढला त्यास पुन्हा बसमध्ये कोंबावे, हे आम्हांस प्रशस्त वाटेना. ज्येष्ठ नागरिक म्हणून मेट्रोत वेगळी सवलत नव्हती. सबब, दोन साधी स्मार्ट कार्डे वापरावीत, पर्यटक कार्डाचा प्रस्ताव अमान्य करण्यास हरकत नसावी. सही. दिनांक. कागद घडी करून आम्ही खिशात ठेवला आणि सुखाने झोपलो.

आबा एस. टी. मध्ये वाहक होते. १९७८ साली लागले, २००८ साली निवृत्त झाले. त्या तीस वर्षांतली बहुतेक वर्षे त्यांनी कऱ्हाड–चिपळूण या एकाच रस्त्यावर काढली. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, आणि उलट. खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि चिमटा. घरी आल्यावर ते प्रथम वेबिल जुळवीत. पैसे जुळेपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलावयाचे नाही, असा घरचा शिरस्ता होता. आमच्या अंगी जो काही हिशोबीपणा आहे तो तेथूनच आलेला असावा. कचेरीने त्यास फक्त समास सोडावयास शिकविले.

शनिवारी दुपारी आम्ही त्यांस कुतुबमिनारला नेले. स्थानकातून बाहेर पडताना फाटकाच्या लहानशा पडद्यावर कापलेली रक्कम आणि शिल्लक दिसते. रोजच्या प्रवाशाचे तिकडे लक्ष नसते. आबा तेथे थांबले. मागच्या माणसाने गुडघ्याने ढकलेपर्यंत त्यांनी तो आकडा वाचला. मिनारापाशी पोचल्यावर, वर जाता येते का, असे त्यांनी विचारले. १९८१ साली आत चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली, तेव्हापासून जिना बंद आहे, असे आम्ही सांगितले. "मग खालनंच बघायचं," ते म्हणाले आणि बराच वेळ मान वर करून उभे राहिले. त्यांच्यामुळे बाराव्या खेपेस आम्हीही वर पाहिले.

रविवारी लाल किल्ला. येथे आम्ही प्रत्येक पाहुण्यास एक गोष्ट सांगतो : १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतल्यावर दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याची नाणी पाडली. पाहुण्यांची छाती फुगते. आबांनी विचारले, "कशापायी?"

"सैन्याचा पगार भागवायला."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले. पानिपतच्या मोहिमेवर इतका समतोल अभिप्राय आम्ही दुसरा ऐकला नाही.

किल्ल्यातून बाहेर आलो तेव्हा साडेबारा वाजले होते. आमच्या योजनेप्रमाणे त्याच मार्गिकेने दोन स्थानके जाऊन दिल्ली गेट आणि राजघाट, तेथून पुढे हुमायूनची कबर असा कार्यक्रम होता. आबा स्थानकाच्या तोंडाशी थांबले. "पुन्हा आत गेलं की पुन्हा कापणार न्हवं?"

"दहाच रुपये आबा. आज रविवार."

"दहा तुझे, दहा माझे. तिथनं पुढं आणिक. उगं कशाला? गांधीजींची समाधी टीव्हीवर बघितली हाय."

हुमायून बादशहास तर त्यांनी विनाचौकशी रद्द केले. सकाळी येतानाचे २७ आणि आता जातानाचे तेवढेच, ही बेरीज त्यांच्या डोक्यात झालेली होती व तीत भर घालण्यास ते तयार नव्हते. आम्ही दीड वाजता घरी येऊन वरणभात जेवलो. दिल्ली दाखविण्याच्या आमच्या कारकिर्दीत इतका आखूड रविवार दुसरा झाला नसेल.

परत येताना मात्र एक गोष्ट घडली होती. स्थानकावर पर्यटक कार्डाची माहिती देणारा फलक होता. आबांनी तो हिंदीतून अक्षर लावून वाचला आणि विचारले, "हे काय रं? तीन दिवस कुठंबी?" आम्ही त्यांस सारे समजावून सांगितले. खिशातला कागद काढून दाखविला. सतरा फेऱ्यांचा आकडा त्यांनी दोनदा वाचला, हातानेच गुणाकार तपासला आणि कागद परत देत म्हणाले, "हिशोब बरोबर हाय तुझा."

वडिलांनी हिशोब बरोबर म्हणावा, यासाठी आम्ही लहानपणी काय काय केले होते! त्या दुपारी ते शब्द ऐकून आम्हांस मुळीच बरे वाटले नाही.

संध्याकाळी गच्चीवर बसलो असता ते आपण होऊन बोलू लागले. आमच्या जन्माच्या आगेमागे, १९८८ साली, एस. टी. ने 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही पासाची योजना काढली. एकदा पैसे भरावे आणि पासाच्या मुदतीत महाराष्ट्रभर हिंडावे. "तसला पासवाला गाडीत चढला की वळखू येतो," आबा म्हणाले. "बाकीची माणसं तिकीट काढतात, मग ते मुठीत धरून बसतात. ह्यो खिशातनं पास काढून दाखवतो आणि खिडकीतनं बघत बसतो. कोयनानगर आलं की एकदम उठतो. म्हणतो, मास्तर, उतरतो मी इथंच. म्हटलं, तुमचं चिपळूण? म्हणतो, जाऊ की उद्या."

"तुम्ही नाही कधी उतरलात तिथे?"

"मी उतरल्यावर गाडीला घंटी कोण देणार?"

कोयनेचे धरण त्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तीस वर्षे दिवसाकाठी दोनदा ते त्याच्या अंगावरून गेले, आणि धरणाची भिंत त्यांनी जवळून पाहिलेली नव्हती. सुट्टीत जाता आले असते. वाहकास कुटुंबासह प्रवासाचा पास मिळे. तो आमच्या घरी आईच्या डब्यात, लग्नपत्रिकांच्या खाली पडलेला असे, आणि वापरला जाई तो बहिणींसाठी स्थळे पाहावयास जाण्यापुरता. चौथीत असताना धरण दाखवा म्हणून आम्ही हट्ट धरला होता, तेव्हा, "सुट्टीत गाडीचं तोंड नको," असे उत्तर मिळाले होते. त्याचा राग आम्ही बरीच वर्षे मनात ठेवला. गच्चीवर तो आठवला. पण आता त्याचे काय करावे हे कळेना, कारण खिशात आमची स्वतःची सही असलेला कागद होता.

रात्री आम्ही तो कागद पुन्हा उघडला. आकड्यांत चूक नव्हती. चूक विषय मांडण्यातच होती. फेऱ्या किती होणार हे आम्ही आधी धरून चाललो होतो आणि त्यावरून पास परवडतो की नाही हे काढले होते. प्रत्यक्षात पास नव्हता म्हणूनच फेऱ्या दिवसाला दोनांवर आल्या होत्या. पडद्यावर आकडा दिसला की माणूस एकेक ठिकाण रद्द करीत जातो. शेवटी उरते ते घर. ही गोष्ट हिशोबाच्या कोणत्या रकान्यात घालावी हे आम्हांस आजही नक्की सांगता यावयाचे नाही.

सोमवारी सकाळी आम्ही वर्षाच्या आठ किरकोळ रजांतली एक टाकली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आज सोमवार. सगळं बंद असतं." ते खरेच होते. सोमवारी लाल किल्ला बंद. राष्ट्रीय संग्रहालय बंद. रेल्वे संग्रहालय बंद. कमळमंदिर बंद, अक्षरधाम बंद. पर्यटक कार्ड घेण्यास आठवड्यातला याहून वाईट दिवस शोधून सापडला नसता, आणि तोच आम्ही निवडला. खिडकीवर ४०० रुपये मोजून एक दिवसाची दोन कार्डे घेतली. आबांनी आपले उलटसुलट करून पाहिले.

"हे कुठं पंच करायचं?"

"कुठेच नाही. नुसते टेकवायचे."

त्यांनी ते सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवले आणि गुंडी लावली.

"बोला, कुठे जायचे?" आम्ही विचारले. हा प्रश्न आमच्या घराण्यात एका पिढीने दुसऱ्या पिढीस विचारल्याची नोंद नसावी. आबा नकाशापुढे उभे राहिले. शेवटी म्हणाले, "ज्या गाडीत कंडक्टर न्हाई, ती दाखव."

कंडक्टर कोणत्याच मेट्रोत नसतो. पण आमच्या दारावरून जाणाऱ्या मार्गिकेवर चालकाचीही गरज उरलेली नाही. २०२० सालच्या २८ डिसेंबरास देशातील पहिली चालकविरहित मेट्रो याच मार्गिकेवर सुरू झाली. आबांनी हे ऐकून घेतले. पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असल्यामुळे पुढल्या काचेतून पाहावयाची सोय नव्हती. दुसऱ्या डब्यात ते दाराशी खांब धरून उभे राहिले. बसावयास जागा होती, एका मुलाने उठून दिलीही, पण बसले नाहीत. दारे मिटली, गाडी निघाली. आबांचा हात वर गेला. तेथे दोरी नव्हती. त्यांनी तो खाली घेऊन पुन्हा खांबाला लावला आणि आम्ही बाहेरच्या काळोखात पाहू लागलो.

ओखला पक्षी अभयारण्य या नावाचे स्थानक आहे. नाव ऐकून ते तेथे उतरले. उतरण्यापूर्वी गाडी यमुना ओलांडते. पूल ओलांडला की उत्तर प्रदेश लागतो. "नाका न्हाई, परमिट न्हाई," ते म्हणाले, "आणि राज्य बदललं?" पक्षी काही दिसले, बहुतेक बदके असावीत, आम्हांस पक्ष्यांतले कळत नाही. अर्ध्या तासाने पुन्हा गाडीत बसून एक स्थानक पुढे गेलो आणि तेथेही बाहेर पडलो, चहा प्यालो. मग निळ्या मार्गिकेवर यमुना बँक. ही कोणत्या बँकेची शाखा, असे त्यांनी विचारले. त्या स्थानकात पर्यटकाने पाहण्यासारखे काहीही नाही. फलाट, रूळ, गाड्यांचे आगार, आणि पलीकडे नदीकाठची सपाट माती. आगार दिसताच आबा खुलले. तेथे आम्ही पाऊण तास काढला. गाड्या आत कशा घेतात, बाहेर कशा काढतात, हे ते मला बोट दाखवून सांगत होते. कोणी ऐकले असते तर हे गृहस्थ मेट्रोतून निवृत्त झाले असावेत असे वाटले असते.

मग राजीव चौकात उतरून छोले-भटुरे खाल्ले. मग चांदनी चौक. मग तेथून एकच स्थानक पुढे काश्मिरी गेट, केवळ तीन मार्गिका एकमेकींवर कशा येतात ते पाहण्यासाठी. एका स्थानकासाठी ते आत शिरले तेव्हा आम्हांस रविवारची दुपार आठवली. फाटकाच्या पडद्याकडे त्यांनी दिवसभरात एकदाही पाहिले नाही.

रात्री आठ वाजता आमच्या स्थानकावर परत आलो तेव्हा आम्ही म्हणालो, "आबा, कार्ड राहू द्या आठवण म्हणून. पन्नास रुपयांचे काय एवढे!" त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की, आम्ही निमूटपणे आमचेही कार्ड पुढे केले. अनामत परत घेतली, नोटा मोजल्या. घरी आल्यावर त्यांनी टिप्पणीचा कागद मागितला. त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने रकाने आखून, कोठून कोठे आणि भाडे किती, असे सात ओळींचे वेबिल लिहिले. भाडी त्यांनी आमच्या टिप्पणीतल्या कोष्टकावरून घेतली होती. बेरीज १९०. आम्ही वर वाकून पाहिले.

"म्हणजे माणशी चाळीस रुपये फायदा झाला."

"सात ठिकाणी उतरलो," आबा म्हणाले आणि पेन्सिल परत दिली.

मंगळवारी ते गेले. पुढच्या वर्षी त्यांस पंचाहत्तरावे लागून पुरे झाले. महाराष्ट्रात २०२२च्या ऑगस्टापासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांस एस. टी. चा प्रवास विनामूल्य झाला आहे, त्यामुळे आता त्यांस पासाचाही हिशोब उरला नाही. २०२५च्या नोव्हेंबरात एके दिवशी आम्ही कचेरीत फाईल काढून बसलो असता त्यांचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"कोयनानगरला उतरलोय," ते म्हणाले.

"एकटेच? आणि गाडी?"

"गाडी गेली पुढं चिपळूणला. कंडक्टर पोरगं चांगलं हाय, थांबतो म्हणालं. म्हटलं, तू दे घंटी."